केरिमकुलकाकांचं 'तुफान'

"यंदा बिश्केकच्या भिंतीवर माझा घोडा चढणार म्हणजे चढणार!"

आक-तेरेक कलामंडळाच्या शनिवारच्या बैठकीत केरिमकुलकाकांनी ही घोषणा केली, तेव्हा बाकीचे सभासद चहा पीत होते. चित्रं काढण्याच्या खालोखाल मंडळात जोरात चालणारा उपक्रम तोच! त्यामुळे टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हातात कप होते.

काका आमच्या खोऱ्याचे सरकारी पशुवैद्य. निवृत्त झाल्यावर लोक मासे धरतात, मधमाश्या पाळतात, जावयाशी भांडतात. काकांनी ब्रश धरला आणि घोडे रंगवायला घेतले. घोड्याचं अंग त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? शीर न् शीर, सांधा न् सांधा जागच्या जागी! चुकायचा तो फक्त चेहरा. काकांनी जन्मभर घोड्याचं तोंड पाहिलं ते डॉक्टर समोर आल्यावरचं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक घोडा कान मागे पाडून, डोळे वटारून, आता आपलं काय होणार अशा भीतीने बघणाऱ्याकडे बघायचा. गेल्या वर्षी मंडळाने बसथांबा रंगवला. मधली भिंत काकांच्या वाट्याला आली. तेव्हापासून आमचे लोक भर पावसातसुद्धा थांब्याच्या बाहेरच उभे राहतात.

पण यंदाची संधी बसथांब्याची नव्हती. मंडळ चालवणारी नुरझादा, म्हणजे आमच्या शाळेतली चित्रकलेची बाई, तिने सूचना वाचून दाखवली होती. राजधानीत, बिश्केकला, मोठं प्रदर्शन भरणार. गावोगावच्या कलामंडळांतून निवडक कामं घेणार. आणि ज्याचं काम निवडलं जाईल, त्याला जूनमध्ये इसिक-कुल सरोवराकाठी पंधरा दिवसांचं शिबिर. राहणं, जेवण, रंग, सगळं त्यांच्याकडून!

"सरोवराकाठी मी तुम्हा सगळ्यांची आठवण काढीन हं," काका म्हणाले.

"आधी निवड तर होऊ दे मेल्या," बात्मा आजी डोळे मिटूनच बोलल्या.

बात्मा आजी मंडळाच्या जुन्या सभासद, पण त्यांनी पेन्सिल कधी हातात धरली नाही. त्यांचं काम समोर बसण्याचं. बाकीच्यांनी त्यांचं चित्र काढायचं. बसल्या की त्यांना पाच मिनिटांत डुलकी लागे. म्हणून मंडळाच्या कपाटात झोपलेल्या बात्मा आजींची चित्रं ढिगाने पडलेली आहेत.

घरी गेल्यावर काकांनी तीच घोषणा पुन्हा केली. झुराकानकाकू चुलीशी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. त्यांनी झारा थांबवला नाही.

"पंधरा दिवस तुम्ही सरोवराकाठी. मग गोठा कोण झाडणार? गवत कोण आणणार?"

"तू! कलेसाठी घरच्यांनी थोडी कळ सोसायची असते, झुराकान."

"बरं."

"आणि निवड झाली की घोडा त्या भिंतीवर लावायचा!"

आता मात्र झारा थांबला. 'ती भिंत' म्हणजे दारासमोरची, पाहुण्याला जिच्याखाली बसवतात ती मानाची भिंत. तिच्यावर काकूंचा तुश-कियिझ होता. काळ्या मखमलीवर लाल-केशरी दोऱ्यांनी भरलेला, भिंतभर पडदा. वेली, मेंढ्याची शिंगं, डाळिंबं. काका तरुणपणी दर उन्हाळ्यात कळपांमागे डोंगरात जायचे ते थंडी पडली की उगवायचे. ते सगळे उन्हाळे काकूंनी त्या मखमलीत भरले होते. एक कड मात्र कोरीच राहिली होती. का, असं कुणी विचारलं की काकू म्हणायच्या, "हे निवृत्त होऊन घरी बसले, मग मला कुठला वेळ?"

"अहो, बिश्केकच्या शहाण्या माणसांनी तुमचा घोडा त्यांच्या भिंतीवर टांगला ना, की मीही माझ्या टांगीन," काकू म्हणाल्या. "तोवर तुमचा आधीचा घोडा आहे तिथंच बरा आहे."

तो होता गोठ्यात. आणि तिथं टांगल्यापासून गाय दूध कमी देते, अशी काकूंची तक्रार होती.

काकांच्या मनाला हे फार लागलं. गावाने नावं ठेवली तर ठेवू देत, पण चाळीसेक वर्षं जिच्या हातचा चहा प्यायला त्या बाईने आपला घोडा गाईला दाखवायला ठेवावा? त्या दिवसापासून त्यांना सरोवराचंसुद्धा एवढं अगत्य उरलं नाही. त्यांना ती भिंत हवी होती.

चित्र तयार झालं. हार्डबोर्डाच्या मोठ्या तुकड्यावर वादळात उधळलेला घोडा, नाव 'तुफान'. बोर्ड संपल्यामुळे शेपटी अर्धीच आली, पण काका म्हणाले, वादळात कुणी शेपूट बघतं का! आमच्या मुकाशची गाडी रोज सकाळी बिश्केकला जाते. तोच मंडळाची चित्रं पोचवणार होता. तो दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला, आणि तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं की चित्र गुंडाळायला काहीच काढून ठेवलेलं नाही. घाटातले खड्डे तर असे, की अंडी बिश्केकला ऑम्लेट होऊन पोचतात!

काकू बहिणीकडे गेल्या होत्या. नौरूझच्या सणाची साफसफाई नुकतीच झाली होती आणि अंगणातल्या दोरीवर गोधड्या वाळत होत्या. त्यांतच एक जाडसं, दुहेरी घडी घातलेलं कापड होतं. पांढरं, वर बारीक निळी फुलं. जुनं अस्तर दिसतंय, काकांनी विचार केला. घडी न उलगडता तुफान त्यात गुंडाळलं आणि नुरझादाने दिलेली नावाची पट्टी कोपऱ्यावर शिवून टाकली. टाके अर्थात त्यांच्या पद्धतीचे होते, बैलाच्या मांडीला घालतात तसले. बैल उठून पळाला तरी सुटणार नाहीत!

"काका, चित्र आहे की आजारी कोकरू?" मुकाशने विचारलं.

"हळू चालव. जिवंत काम आहे आत."

दुपारी काकू परत आल्या आणि अंगणातून किंकाळी ऐकू आली.

"अहो! माझा तुश-कियिझ कुठंय? ऊन दाखवायला सकाळी दोरीवर टाकला होता!"

काका खरोखरच हादरले. एवढी मोलाची वस्तू! त्यांनी स्वतः पुढाकार घेतला, शेजारीपाजारी गोळा केले, कोण ओढ्याकडे जाणार, कोण बागेकडे, याची वाटणी केली. वारा होताच. वाऱ्यानेच नेला असणार, असं ठरलं. बात्मा आजींना मात्र पलीकडच्या घरच्या वासराचा संशय होता. ते वासरू काहीही चावतं. काकांनी त्या वासराचं तोंड उघडून घशापर्यंत तपासलं!

"त्याला दिसणार कसा पटकन?" आजी ओढ्याकाठी काठी आपटत म्हणाल्या. "झुराकान नेहमी घडी घालून उलटा टाकते. रंग उडू नये म्हणून. वरून नुसतं अस्तर दिसतं, पांढरं, निळ्या फुलांचं."

काका एका दगडावर बसले.

"काय रे, दमलास?"

"नाही," काका म्हणाले. "जरा... गुडघा."

आडोशाला जाऊन त्यांनी मुकाशला फोन लावला. "मुकाश, लेका, ते गुंडाळलेलं कापड परत घेऊन ये!"

"काका, मी तर जसंच्या तसं त्यांच्या हवाली केलं. नावाची पट्टी नीट वाचून ठेवून घेतलं त्यांनी. परत पाठवतील की चित्राबरोबर."

काकांनी मनाची समजूत घातली. चित्र आज ना उद्या येईल, त्याबरोबर पडदाही येईल. गुपचूप दोरीवर टाकून द्यायचा. वाऱ्याने नेला, वाऱ्यानेच आणला! तोवर तोंड शिवून बसायचं. पण संध्याकाळी चहाला बसलं की समोर ती उघडी भिंत, आणि तिच्याकडे बघत बसलेल्या काकू. काका हातातला बोरसोक पुन्हा ताटात ठेवून द्यायचे.

पुढच्या एका शनिवारी बात्मा आजी मंडळात नेहमीप्रमाणे चित्रासाठी बसल्या होत्या, म्हणजे झोपल्या होत्या. तेवढ्यात नुरझादाचा फोन वाजला.

"हो, आक-तेरेक कलामंडळ... काय म्हणता! केरिमकुलकाकांचं 'तुफान' निवडलं?"

आजींचा एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि ज्या बाईला एरवी खुर्चीतून उठवायला दोघं लागतात, ती दाराबाहेर! आनंदाची बातमी सगळ्यांत आधी पोचवेल त्याला घरधन्याने भेट, म्हणजे सुयुंचू, द्यायची, ही आमची रीत. दुसऱ्याने तीच बातमी नेली तर त्याला नुसता चहा! त्यामुळे फोनवरचं पुढचं बोलणं ऐकायला थांबणं आजींना परवडणारं नव्हतं. तसं तिथंही फार काही झालं नाही. फोटो पाठवतो, असं पलीकडचे म्हणाले आणि लाइन तुटली.

"सुयुंचू!" फाटकातूनच आजी ओरडल्या. "केरिमकुल, सुयुंचू! तुझं तुफान निवडलं!"

काकांनी आजींना मिठी मारली, घरात धावले, बाहेर आले, पुन्हा धावले आणि आपला नवाकोरा चापान आजींच्या खांद्यावर घातला. गेल्याच थंडीत शिवलेला, गडद निळा, जरीच्या काठाचा अंगरखा. आजींना तो घोट्यापर्यंत आला. त्यांनी तो पुन्हा काही उतरवला नाही.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी तुमच्या घोड्याला गोठ्यात ठेवलं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. शब्द दिलाय तो पाळीन. भिंत तशीही..." आणि त्यांनी पदराने, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने, डोळे पुसले. "भिंत तशीही मोकळीच आहे."

आत्ताच सांगून टाकावं असं काकांना फार वाटलं. पण बायको पहिल्यांदाच आपल्या घोड्याचं नाव आदराने घेत होती! उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

आता बातमी आली म्हटल्यावर मेजवानी ओघानेच आली. मेंढा कापला गेला. अख्खं मंडळ, शेजारी, शाळेतले मास्तर, ज्याचा घसा तपासला होता त्या वासराचा मालकसुद्धा आला. मेंढ्याचं मुंडकं मानाने काकांपुढे ठेवलं गेलं. काकांनी ते कापून वाटताना दोन शब्द सांगितले, कला म्हणजे साधना वगैरे. एवढ्यात नुरझादाचा फोन पुन्हा वाजला.

"प्रदर्शनवाल्या बाईंचा! काका, तुमच्याशीच बोलायचंय त्यांना. सगळ्यांना ऐकू येईल असा लावते हं!"

"नमस्कार केरिमकुल साहेब," फोनमधून गोड आवाज आला. "आम्ही सगळे तुमच्या कामापुढे तासभर उभे होतो! किती वर्षं लागली हो?"

"एक हिवाळा!" काका छाती काढून म्हणाले.

"एका हिवाळ्यात एवढं? डोळ्यांवर ताण नाही आला?"

"डोळेच तर लोकांच्या लक्षात राहतात, बाई."

"आणि नाव किती वेगळं! वरून सगळं शांत, आणि नाव 'तुफान'!"

"शांत?" काका जरा चपापले. मंडळीही एकमेकांकडे बघू लागली. काकांचा घोडा कुणाला शांत वाटला?

"आणि ती एक कड अपुरी सोडलीत, ती मुद्दाम ना?"

"शेपूट म्हणता? बोर्डावर मावली नाही."

पलीकडे बाई हसल्या. "विनोदी आहात तुम्ही! बरं, शिबिराला येताना दोरे घेऊन या. सगळ्यांना तुमच्या हातचे टाके शिकायचेत."

"टाके?" काकांचा सुरा हवेतच राहिला. "माणसांना?"

"आणि हो, नावाची पट्टी मात्र कुणीतरी फारच ओबडधोबड शिवली होती. ती आम्ही उसवून नीट लावली. आतला पुठ्ठा परत पाठवतोय. त्यावर कुणा लहान मुलाने घोडा काढलाय, तुम्हाला हवा असेल म्हणून. फोटो पाठवलाय, बघा!"

फोन बंद झाला. लगेच फोटो आला. नुरझादाने तो पाहिला आणि तिचा चेहरा लाल झाला. तिने काही न बोलता फोन शेजारी दिला. त्याने पुढच्याला दिला. फोन एकेका हातातून पुढे सरकत होता आणि जिथून पुढे गेला तिथलं बोलणं बंद पडत होतं. शेवटी तो काकूंच्या हातात आला.

राजधानीची शुभ्र भिंत. तिच्यावर काळी मखमल, लाल वेली, मेंढ्याची शिंगं, डाळिंबं. खाली पाटी: 'तुफान. केरिमकुल, आक-तेरेक कलामंडळ.'

काकूंनी फोटो नीट पाहिला. मग काकांकडे पाहिलं.

"अहो, म्हणजे वाऱ्याने नव्हता नेला."

काका उठून उभे राहिले. मुंडक्यासमोर, सगळ्या पाहुण्यांदेखत, त्यांनी सगळं सांगितलं. दोरी, अस्तर, टाके, ओढ्याकाठचा दगड, सगळं. "तुला सांगायचं होतं," ते म्हणाले. "पण तू माझ्या घोड्याचं कौतुक करत होतीस गं. ते ऐकायचं होतं अजून थोडं."

काकूंचे ओठ थरथरायला लागले. रडतात की काय, असं वाटलं. आणि त्या ज्या हसायला लागल्या, त्या काही केल्या थांबेनात! "लहान मुलाने घोडा काढलाय!" एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. मग सगळं घर हसलं. घसा तपासून घेतलेलं आपलं वासरू आठवून त्याचा मालक तर आडवाच झाला.

बात्मा आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे निवड झुराकानची झाली. ही बातमीच वेगळी! आणि ती या घरी आणली कुणी? मी! सुयुंचू, झुराकान!"

"आजी, चापान मिळाला ना तुम्हाला?" मुकाश म्हणाला.

"तो घोड्याचा! डाळिंबांचं काय?"

काकूंनी डोळे पुसले, हात लांब केला, आणि काकांच्या डोक्यावरची पांढरी नमद्याची टोपी उचलून आजींच्या डोक्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी नुरझादाने पाटीवरचं नाव बदलून घेतलं आणि काकूंना मंडळाचं सभासदही करून टाकलं. पण काकू शिबिराला जायला तयार होईनात.

"मी कुठली जाते! पंधरा दिवस! आणि गाईची धार कोण काढणार?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका कपातल्या चहाकडे बघत होते.

"कलेसाठी," काकू हळूच म्हणाल्या, "घरच्यांनी थोडी कळ सोसायची असते. असं कोणीतरी म्हणालं होतं."

"मी काढीन धार," काका म्हणाले. "जा तू. माझ्या पायी डोंगराखाली बसून किती उन्हाळे काढलेस. आता एक सरोवराकाठी काढ."

जूनमध्ये मुकाशची गाडी दारात आली. काकूंच्या मांडीवर रंगीत दोऱ्यांची पिशवी होती. निघण्याआधी त्यांनी एक काम उरकलं होतं. बिश्केकहून परत आलेला हार्डबोर्ड त्यांनी हातोडी-खिळे घेऊन स्वतः मानाच्या भिंतीवर ठोकला. पडदा शरदापर्यंत यायचा नव्हता. काका खोलीत आले आणि दारातच थबकले. वटारलेल्या डोळ्यांनी तुफान त्यांच्याकडे बघत होतं.

"भिंत बोडकी दिसते म्हणून लावलाय हं," काकू म्हणाल्या. "उगाच डोक्यात हवा जाऊ देऊ नका."

काकांनी नुसती मान हलवली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभे राहिले.

संध्याकाळी बादली घेऊन ते गोठ्यात गेले. गाईने मान वळवली. कान मागे पाडले, डोळे वटारले. हुबेहूब तोच चेहरा! क्षणभर काकांना आपल्या चित्रकलेचा अभिमान वाटला. पण दूध निघेना. बोलून पाहिलं, गोंजारून पाहिलं, गवत घातलं. ते जवळ गेले की गाय भिंतीला चिकटायची. किती वेळा डॉक्टर म्हणून गेलो असू हिच्याकडे, काका मनाशी हिशोब करू लागले, आणि मग तो नादच सोडला.

शेवटी ते घरात गेले. काकूंचा फुलाफुलांचा जुना झगा चढवला, डोक्याला काकूंचा रुमाल बांधला आणि मिशांचं काय करावं ते न कळून रुमालाचं टोक तोंडावरून घेतलं. पुन्हा गोठ्यात आले. गाईने वास घेतला, सुस्कारा सोडला आणि पाय फाकून निवांत उभी राहिली. बादलीत धार वाजली.

कुंपणापलीकडून बात्मा आजी बघत होत्या. अंगात काकांचा चापान, डोक्यावर काकांची टोपी.

"कोण गं तू नवीन सूनबाई?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात काकांच्या झग्याच्या खिशात फोन वाजला.

"अहो, निघाली का धार?" सरोवराकाठून काकूंनी विचारलं. मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता.

"निघाली की! अर्धी बादली!"

"खरंच? कशी काय?"

काकांनी आपल्या फुलाफुलांच्या झग्याकडे पाहिलं आणि खोल श्वास घेतला.

"फिटलं आपलं, झुराकान," ते म्हणाले. "तुझं भरतकाम माझ्या नावावर गेलं होतं ना? आज माझं दूध तुझ्या नावावर निघालं!"